आपोआप उठणारं मशीन

बूटलोडर निवडायचाय, असं घरी बोलून गेलो आणि फसलो. बायको म्हणाली, "पायातले बूट घ्यायला तुमाला दहा मिनिटं लागत न्हाईत, अन् ह्या एका बुटासाठी दिवाळीपास्नं डोकं खाजवून राहिले!" समजावून सांगायचं त्राण नव्हतं. खरं तर गोष्ट साधी आहे. लाईट आली की मशीनमध्ये सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो आणि तो मोठ्या लिनक्सला उठवतो. तो छोटा म्हणजे बूटलोडर. तोच अडून बसला तर पुढचं सगळं ठप्प.

मशीन दुधाचं होतं. हिंगोलीत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान, पण लोक जुना टीव्ही दुरुस्त करायच्या ऐवजी नवाच घ्यायला लागले, तेव्हा मी डेअरीसाठी दूध मोजायची मशीनं जुळवायला लागलो. पंज्याएवढा बोर्ड, त्यावर लिनक्स, त्याला वजनकाटा आणि पावतीचा प्रिंटर. पहिलं मशीन कनेरगाव नाक्याच्या पुढे एका तांड्यावर बसवलं. तिथलं केंद्र तांड्यातलीच एक पन्नाशीची बाई सांभाळायची. सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. मीही म्हणायला लागलो.

त्या वर्षांत लोडशेडिंगनं जीव नकोसा केला होता. लाईट गेली, आली, की मशीन काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळ दाखवून गप्प बसे. याडी चार अक्षरं टाइप करी, मग ते पुढं सरके. तिला लिहितावाचता येत नव्हतं, मी त्या चार कळा बोटाला दाखवून ठेवल्या होत्या.

दिवाळीनंतर ती दुकानात आली. "भाऊ, माझी लेक साखऱ्याला दिलीय. दुसरी खेप हाय, माघात दिवस भरतेत. सासू न्हाई तिला. पहिल्या येळी लई तकलीफ झाली. मला तिच्यापाशी ऱ्हायचंय. पण डेअरीचा माणूस म्हणतो, मशीन आपोआप उठत आसंल तर मी तुझ्या जागी बसतो, ती इंग्रजी भानगड आपल्याला जमायची न्हाई."

"करून देतो," म्हणालो. बोलायला काय जातं!

बोर्डाबरोबर आलेला बूटलोडर झटपट होता, पण माझं नवं लिनक्स त्याला आपोआप उचलता येईना, आणि त्याच्या पोटात हात घालायची सोय नव्हती. बनवणाऱ्यांना कळवलं, उत्तर नाही. दुसरा नेटवरून उतरवलेला, फुकटचा. कॅफेतल्या रडतखडत चालणाऱ्या नेटवर त्याची माहिती वाचता वाचता डोळे गेले. तो सगळं करायचा, पण उठवण्याआधी थोडा थांबून बघायचा की कुणी कळ दाबतंय का. तोच निवडला, आणि तोच अडून बसला. दुकानात शहाण्यासारखा वागे, तांड्यावर नेला की अडे. चिडून एकदा तर बोर्ड उचलून नाल्यात फेकावा वाटला. शेवटी लक्षात आलं. बूटलोडर ज्या तारेवर कळ दाबल्याची वाट बघे, वजनकाटा त्याच तारेवरून सारखे आकडे पाठवत होता. काट्यानं शून्य पाठवलं तरी ह्याला वाटे कुणीतरी कळ दाबली, आपल्याला थांबायला सांगितलं. घ्या! रिकामा काटा बडबडतोय आणि हा अदबीनं ऐकत बसलाय.

मग तो असा बदलून घेतला, की एक ठरावीक शब्द टाइप केला तरच थांबायचं, नाहीतर कुणाचं ऐकायचं नाही. हे बोर्डात भरताना लाईट गेली तर बोर्डाची वीट होते, म्हणजे तो कायमचा मरतो. एकाची झालीच. दुसरा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर भरला.

याडीसमोर दहादा लाईट बंद-चालू करून दाखवली. दहाही वेळा मशीन आपोआप उठलं. ती हसली, म्हणाली, "आता जाते बघा." दुसऱ्या दिवशी बाजरीचं पीठ, डिंक, जुन्या साड्यांचं गाठोडं घेऊन साखऱ्याला गेली. मी घरी जाऊन बायकोला म्हणालो, "निवडला एकदाचा बूट," आणि दिवसाढवळ्या झोपलो.

मशीननं दगा दिला नाही. दगा तर कुणीच दिला नाही. संध्याकाळी बाया किटल्या घेऊन आल्या, तर याडीच्या जागी डेअरीचा माणूस. पूर्वी गावातल्या केंद्रावर मापात मारलेलं त्या विसरल्या नव्हत्या. "याडी न्हाई तर आकडा खरा कशावरून?" म्हणाल्या आणि माघारी फिरल्या. मी दुकान टाकून गेलो, काटा उघडून दाखवला, घसा कोरडा केला. एक म्हातारी म्हणाली, "तू काहून बोलून राहिला? तू त्या मशीनचाच माणूस." डेअरीची गाडी रिकामे कॅन घेऊन गेली. डेअरीवाल्यानं दुसऱ्या दिवशी साखऱ्याला निरोप धाडला, की याडी, ये, न्हाईतर केंद्र बंद. तांड्यातल्या बायांनीही धाडला, की ये, दूध नासतंय.

ती आली. ती आल्या दिवशीच इकडे संध्याकाळी किटल्यांची रांग लागली, आणि तिकडे लेक बाळंत झाली.

आठवड्यानं मी तिच्याकडे गेलो. उगाच प्रिंटर उघडून पुसत बसलो. तेवढ्यात लाईट गेली, आली. मशीन बराबर उठलं. याडीनं पडद्याकडे बघितलं.

"तुमचं काम चोख झालं, भाऊ," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. असता तर मला बरं वाटलं असतं.

"पोरगी कशीय?"

"हाय. नातू झाला. लई रगत गेलं म्हणून दवाखान्यात न्यावं लागलं." तिनं पुढच्या बाईची किटली काट्यावर घेतली, आकड्याकडे बघितलं आणि पावती फाडून दिली. "मला हाका मारत व्हती म्हणे रातभर. अन् मी हितं दूध मोजत व्हते."