कांतामावशींचं बोट

देवानंद मेश्राम पोटापाण्यासाठी एका बँकेच्या आयटी विभागात लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देतो. सकाळी जर्सी सिटीहून पाथ ट्रेनने मॅनहॅटन, संध्याकाळी परत. तिथे त्याला फारसं कुणी ओळखत नाही. त्याला ओळखतात ते रविवारी, एडिसनच्या भाड्याच्या हॉलमध्ये, बौद्ध मंडळाच्या बैठकीत. वंदना झाली, तर्री-पोह्यांच्या ताटल्या हातात आल्या, की सगळे काका-काकू आपापले फोन घेऊन त्याच्या टेबलाभोवती जमतात. कुणाचा फोन भरलेला असतो, कुणाचा आवाज गेलेला असतो, कुणाच्या नातवाने सगळी अक्षरं चिनी करून ठेवलेली असतात. देवानंद एका हाताने पोहे खातो आणि दुसऱ्याने फोन सुधारतो. चारचौघांत असा मान मिळायला लागला की तो सोडवत नाही, आणि देवानंद काही साधुसंत नव्हे.

त्याची खरी मिजास मात्र वेगळीच. त्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप नाही. गरजच नाही, म्हणतो. खिशातून फोन काढायचा, एका केबलने टीव्हीला जोडायचा, घडीचा कीबोर्ड उघडायचा, की समोर अख्खा लिनक्स डेस्कटॉप हजर. खिडक्या, फोल्डर, लिहायचा प्रोग्राम, कोपऱ्यात घड्याळ. फोनमधल्या एका ॲपच्या पोटात पूर्ण कॉम्प्युटर बसवलेला असतो आणि फोनला त्याचा पत्ताही नसतो. फोनच्या लेखी ते एक जाडजूड ॲप, बस्स. हे तो इतक्यांदा समजावून सांगायचा की राजाराम खोब्रागडे, निवृत्त अकाउंटंट आणि मंडळातले सर्वमान्य टवाळ, त्याला दुरून येताना पाहूनच म्हणायचे, "टीव्ही झाका रे कुणीतरी."

कांतामावशी मात्र हे सगळं मन लावून ऐकायच्या. सत्तरी ओलांडलेली ही बाई उभा जन्म नर्स म्हणून रात्रपाळ्या करून निवृत्त झालेली. देवानंद नागपूरहून नवा आला तेव्हा ना ओळख ना पाळख, पण मावशींनी त्याला आपल्या बेसमेंटमधली खोली दिली आणि पहिला हिवाळा स्वतःच्या हातचं खाऊ घातलं. त्या त्याला देवा म्हणतात. असं म्हणणारं अमेरिकेत दुसरं कुणी नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आसपास त्या म्हणाल्या, "देवा, मला माझ्या मायबद्दल लिहायचंय. संत्र्यांच्या पेट्या उचलायची ती, बाजारात. तिचा एक फोटो नाही माझ्यापाशी. मी गेले की तीही गेली."

मुलीने, उपासनाने, टॅब्लेट आणून दिला होता, पण त्यावरची अक्षरं मावशींच्या डोळ्यांना पुरेनात. देवानंदला आयतंच निमित्त मिळालं. त्याने जुना मॉनिटर नेला, कीबोर्डच्या प्रत्येक कळीवर देवनागरी अक्षरं चिकटवली आणि मावशींच्याच फोनमध्ये लिनक्स बसवलं. केबल जोडली की त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर उभा राही. खरं सांगायचं तर एक साधा स्वस्त लॅपटॉपही चालला असता. पण मग त्यात देवानंदचं काय कौतुक झालं असतं?

मावशी हिवाळाभर एका बोटाने लिहीत राहिल्या. मध्येच त्याला फोन करून वाचून दाखवायच्या. माय पिचलेली संत्री पदरात बांधून आणायची, ती दप्तरात ठेवली की त्यांचा वास सगळ्या पुस्तकांना लागायचा आणि वर्गातल्या मुली नाक मुरडायच्या. मायने मग दप्तर धुवून काढलं, पण संत्री आणणं काही सोडलं नाही. ऐकताना देवानंदला आपली आजी आठवायची. एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात मावशींनी त्यातलं एक पान वाचायचं, असं ठरलं होतं.

त्या लिखाणाची दुसरी प्रत मात्र कुठेच नव्हती. बॅकअप घ्या, बॅकअप घ्या म्हणून हाच माणूस सगळ्या हॉलच्या मागे लागायचा. मावशींच्या फोनचं तो पुढच्या रविवारी बघणार होता, आणि तो पुढचा रविवार काही येत नव्हता.

मार्चमधल्या एका रविवारी मावशी टेबलापाशी आल्या. "देवा, फोन भरला म्हणतोय. व्हिडिओ उघडत नाही."

त्याच्यापुढे रांग होती. राजारामकाका कसलासा किस्सा सांगत होते आणि देवानंद हसत होता. भरलेला फोन रिकामा करायचं काम त्याने इतक्या जणांचं केलं होतं की त्यात डोकं लावावं लागत नसे. सेटिंग उघडायची, स्टोरेजमध्ये जायचं, सगळ्यात वर जे ॲप दिसेल त्यावर बोट, क्लिअर, ओके. सगळ्यात वर नेहमी व्हिडिओचंच एखादं ॲप असतं. मावशींच्या फोनमध्ये सगळ्यात वर काय होतं, ते त्याने पाहिलंच नाही. फोनने रीतसर विचारलंही, की सगळं कायमचं पुसलं जाईल, चालेल ना? देवानंदने किस्सा ऐकता ऐकता ओके दाबलं.

"घ्या मावशी. भरपूर जागा झाली."

"सुखी राहा रे बाबा," मावशी म्हणाल्या.

मंगळवारी दुपारी तो ऑफिसात असताना त्यांचा फोन आला. केबल लावली तर पडदा काळा, खिडकी उघडत नाही, फोल्डर दिसत नाही. एका क्षणात देवानंदला सगळं दिसलं: हॉल, पोहे, राजारामकाकांचा किस्सा, यादीत सगळ्यात वर बसलेलं ते जाडजूड ॲप आणि त्यावर स्वतःचं बोट.

तो तोंड उघडणार इतक्यात मावशीच म्हणाल्या, "मीच काहीतरी दाबलं असेल रे. काल अक्षरं मोठी करायला सेटिंगमध्ये गेले होते."

आता इथे देवानंदने काय म्हणायला हवं होतं, हे कुणालाही कळतं. त्यालाही कळत होतं. पण आजवर एकाचाही फोटो, एकाचाही नंबर ज्याच्या हातून हरवला नाही असा तो देवानंद होता, आणि तेवढंच तर त्याच्याजवळ होतं. तो म्हणाला, "होतं असं, मावशी."

एवढ्यावर थांबला असता तरी बरं. पण त्या रडवेल्या झाल्या, म्हणून समजूत घालायला तो पुढे बोलत गेला. सेटिंगमध्ये दोन बटणं कशी शेजारी शेजारी असतात, एक नुसता साठलेला कचरा, म्हणजे कॅश, पुसायचं आणि एक सगळंच पुसायचं, अक्षरं कशी बारीक असतात, मग कशी एक चौकट येते आणि आपण न वाचता ओके करतो. कुणाचंही बोट चुकेल, मावशी. तुमचा काही दोष नाही. खोटं बोलायचंच, तर माणूस निदान आखूड बोलतो. देवानंदने ते नीट रंगवून सांगितलं.

लिखाण परत मिळवायचा प्रयत्न त्याने केला, जीव तोडून केला. जेवणाच्या सुट्टीत परक्या लोकांना इंटरनेटवर प्रश्न विचारले. सगळीकडून एकच उत्तर आलं, की ॲपच्या पोटातलं एकदा पुसलं की गेलं. मग तो इतर सगळ्यांच्या फोनचे बॅकअप घेत सुटला. मावशींकडे फळं घेऊन गेला, त्यांच्या अंगणातला बर्फ काढला. "किती करतोस रे माझ्यासाठी," त्या म्हणाल्या, आणि परतताना गाडीत त्याला स्वतःचा इतका राग आला की रेडिओवरची बडबडही सहन होईना. जयंतीला मावशींनी काहीच वाचलं नाही. मागच्या रांगेत बसून राहिल्या. त्यांच्याकडे बघायचं टाळण्यासाठी देवानंद कार्यक्रमभर माइकच्या वायरींशी खेळत होता.

एप्रिलच्या शेवटी त्याला उपासनाचा फोन आला. ती फार्मासिस्ट आहे, आईपासून दोन गावं पलीकडे राहते.

"दादा, मी जरा आईबद्दल वरीड आहे. ती गॅस बंद केलाय का ते चार-चारदा चेक करते. औषधाची डबी मला व्हिडिओवर दाखवते, बरोबर घेतलं का म्हणून. ते लिखाण डिलीट झाल्यापासून मला ते जाणवायला लागलंय. पूर्वी अशी नव्हती ती. आय थिंक, तिची मेमरी स्लिप होतेय."

"वय झालं की होतं थोडं," देवानंद कसंबसं म्हणाला.

"मी तिची कार घेऊन आलेय माझ्याकडे. ती काहीच बोलली नाही, दादा. किल्ली आणून हातात दिली. मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट मिळालीय, पण त्या दिवशी मला सुट्टी नाहीये. तुम्ही न्याल का तिला? तुमच्याबरोबर ती रिलॅक्स असते."

देवानंद हो म्हणाला. फोन ठेवल्यावर तो प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसला आणि त्याने गाड्या जाऊ दिल्या. आयसीयूत ज्या बाईने माणसं सांभाळली, ती आता स्वतःच्या गॅसच्या बटणाला भीत होती, आणि ते त्याच्यामुळे होतं. लिखाण गेलं ती चूक होती. पण हे चुकून झालेलं नव्हतं. हे तो रोज सकाळी उठून नव्याने करत होता.

त्या दिवशी मावशी इस्त्रीची साडी नेसून दारात तयार उभ्या होत्या. टर्नपाइक हायवेवर देवानंदने दोनदा बोलायला सुरुवात केली आणि दोन्ही वेळा हवेबद्दल बोलला. मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "काहून रे देवा, आत गेल्यावर शब्द देतात ना लक्षात ठेवायला? आमच्या पेशंटना द्यायचे. मी दोन दिवस घरी सराव करतेय."

क्लिनिकच्या पार्किंगमध्ये त्याने इंजिन बंद केलं. मावशी पट्टा सोडायला लागल्या तसा तो म्हणाला, "थांबा मावशी. ते तुमचं लिखाण तुमच्याकडून गेलेलं नाही. मी पुसलं ते. त्या रविवारी हॉलमध्ये, तुमचा फोन साफ करताना. मी बघितलंच नाही काय दाबतोय ते. तुमचा फोन आला तेव्हा लगेच कळलं होतं मला, आणि मी गप्प बसलो. तुम्हाला काही झालेलं नाही. तुमचं डोकं शाबूत आहे. माफ करा म्हणायचंही तोंड नाही मला."

तो रडत होता. मावशींनी पट्ट्यावरचा हात काढून घेतला. रागावल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर त्याला हलकं वाटलं असतं.

"उपासनाला सांगितलंस?"

"नाही."

"लाव फोन."

त्याने लावला आणि स्पीकरवर सगळं पुन्हा सांगितलं. उपासना म्हणाली, "मी तिच्या हातातून किल्ली घेतली, दादा." आणि फोन बंद झाला.

देवानंदने डोळे पुसले. "चला मावशी, घरी जाऊ. मी आत जाऊन अपॉइंटमेंट कॅन्सल करतो. याची काही गरजच नव्हती."

मावशी हलल्या नाहीत. त्यांनी उजवा हात मांडीवर उताणा ठेवला होता आणि त्याकडे बघत होत्या.

"तू पुसलंस म्हणतोस," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"हो, मावशी. मीच."

"पण मला आठवतंय ना, देवा. स्वयंपाकघरात बसले होते. दोन बटणं होती शेजारी शेजारी, अक्षरं बारीक. मग चौकट आली आणि मी न वाचता ओके केलं. मला दिसतंय ते. माझं बोट दिसतंय."

ती बटणं, ती चौकट, ते न वाचता केलेलं ओके, सगळं त्यानेच त्यांना सांगितलेलं होतं.

"ते मी सांगितलेलं, मावशी. फोनवर. तुम्ही कधी दाबलंच नाही."

"असेल. तू आता खोटं बोलणार नाहीस, ते कळतंय मला." त्यांनी पट्टा सोडला, पदर सारखा केला आणि दार उघडलं. "पण न घडलेलं एवढं स्वच्छ आठवतंय, तर मायचं मी जे लिहीत होते, त्यातलं किती खरं होतं रे?"

उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. एका हाताने कठडा धरून पायऱ्या चढल्या आणि तपासणीसाठी आत गेल्या.