काहिलीतलं कमळ

गुरुपादअण्णांच्या मते जगात दोनच गोष्टी टाकाऊ होत्या: साखर आणि साखर खाणारी माणसं. मी साखर खायचो आणि वर शाळामास्तर होतो. तरी आमची परसं एकमेकांना लागून असल्यामुळं त्यांना माझ्याशी बोलावं लागे.

अण्णा मूळचे गडहिंग्लजकडचे, धंद्यानं गुळव्या. गुऱ्हाळावर भल्यामोठ्या लोखंडी काहिलीत उसाचा रस रटरटत असतो. तो नेमका कधी उतरवायचा हे ज्याला नुसत्या नजरेनं कळतं तो गुळव्या. अण्णांनी असे पस्तीस हंगाम काढले. गुळाचा खडा जिभेवर ठेवला की ऊस कुणाच्या मळ्यातला हे ते सांगायचे. खरं-खोटं देव जाणे, पण समोरचा शेतकरी मुकाट्यानं मान हलवायचा. 'पाक बरोबर उतरलाय' ही त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी. ती फक्त गुळाला मिळायची, तीही वर्षातून एखाद्या वेळेस. बायकोला मिळाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. हंगामभर रात्री आगीपुढं जागायचं आणि दिवसा झोपायचं, ही सवय हाडांत मुरलेली. साडेदहाच्या आत त्यांचा डोळा उघडत नसे.

पंचाहत्तर सालच्या शिमग्यानंतर त्यांचं गुऱ्हाळ बंद झालं. सगळा ऊस साखर कारखान्याकडं जायला लागला होता. मालक हंबीररावांनी अण्णांना निरोप दिला तो फेट्या-नारळाविना, बुडाला भोक पडलेली जुनी काहील देऊन. दुसऱ्या कुणी ती वाटेतच विकून टाकली असती. अण्णांनी ती बैलगाडीतून घरी आणली. आठ फूट रुंदीची ती वस्तू दारातून आत जाईना, म्हणून मला न विचारता माझी परसातली भिंत पाडली. पुन्हा बांधली ती छातीइतकीच. त्या भिंतीवर कोपरं टेकून मी पुढचं सगळं पाहिलं.

त्याच दिवशी त्यांनी घरात साखर बंद केली. चहा गुळाचा, कोरा. बसम्माकाकूंना दूध-साखरेच्या चहाचं भारी वेड. त्यांच्या रेशनची साखर गुपचूप आमच्या फडताळात, वनस्पती तुपाच्या डब्यात येऊन बसली. रोज सकाळी सहाला नळ आला की काकू भिंतीपाशी यायच्या. आमची ही कागदाच्या पुडीत दोन चमचे साखर द्यायची. मग अण्णा आत घोरत असताना काकू परसात बसून फुर्र फुर्र आवाज करत चहा प्यायच्या.

"त्या लोखंडाचं काय करनार?" काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"तळं."

"आणि तळ्यात?"

"झाडं लावनार. बघशील तू."

भोकाला डांबर लावून काहील जमिनीत पुरली, तळाला काळी माती घातली, पाणी भरलं. आता झाडं निवडायची. माणूस झाड पारखताना रंग बघेल, वास घेईल. अण्णा चव घ्यायचे. पानाचा तुकडा तोडायचा, जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे. वेखंड पसंत पडला. काकू म्हणाल्या, अळू लावा, निदान वडी तरी होईल. अण्णांनी कच्चं अळूचं पान चावलं आणि दोन दिवस घसा खाजवत फिरले. अळूला त्यांनी परसातून हद्दपार केलं.

मग ते कळंब्याच्या तळ्यावरून, म्हणजे जिथं कोल्हापूरचा तुरुंगही आहे तिथून, ओल्या पोत्यात पांढऱ्या कुमुदाचे कंद घेऊन आले.

"जाताना गल्लीत ओरडत गेलासा, कळंब्याला चाललो म्हणून," काकू तडकल्या. "लोकांस्नी वाटलं तुरुंगात चाललासा. तिघीजणी इचारून गेल्या, किती दिसाची झाली म्हणून!"

वाटेत कुठल्या तरी ओढ्यातलं केंदाळही त्यांनी उचललेलं. जांभळी फुलं बघून भुलले. पंधरा दिवसांत केंदाळानं सगळी काहील व्यापली. ते उपसून बाहेर टाकलं, तर उन्हाळ्यात पाणी हिरवंगार झालं. इथं अण्णांनी जे केलं ते कोल्हापूरच्या गुळव्याशिवाय कुणी करणार नाही. रस गढूळ असला की गुऱ्हाळावर रानभेंडीचे दांडे ठेचून त्याचा चिकट चीक त्यात सोडतात. मळी वर येते, ती काढली की रस नितळ होतो. अण्णांनी तोच इलाज तळ्यावर केला. दोन भारे भेंडी ठेचून पाण्यात!

दुसऱ्या दिवशी पाणी खरंच नितळलं. अण्णांनी मला भिंतीवरून हाक मारली आणि भूगोलाच्या मास्तराला अर्धा तास रसायनशास्त्र शिकवलं. चौथ्या दिवशी भेंडी कुजली. सगळ्या पाण्याला तार सुटली आणि असा वास उठला की आमच्या हिनं जेवणाची पानं पुढच्या सोप्यात मांडली. कुमुद गेलं, वेखंड गेला. अण्णा मात्र शेंबडासारख्या त्या पाण्यात डोईभर फडकं बांधून उभे होते आणि झाऱ्यानं मळी काढत होते.

काकूंनी थेट लालासाब भंगारवाल्याला बोलावलं. लालासाबनं काहिलीभोवती फेरी मारली, लोखंड ठोकून बघितलं. अण्णांचं तोंड उतरलं. त्या काहिलीपुढं त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि पस्तीस वर्षांतलं तेवढंच एक हाताला लागलं होतं. मला पहिल्यांदा त्या माणसाची दया आली.

"एक साल दे," ते काकूंना म्हणाले. अण्णांना विनवणी करताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

काकू थोड्या निवळल्या. "बरं. पुढच्या बेंदरापातूर एक कमळ उघडलेलं मला दिसलं तर ऱ्हाईल काहील. न्हाय दिसलं तर लालासाबच्या गाड्यावर. शब्द?"

"गुळव्याचा शब्द."

अण्णांनी काष्ठौषधीच्या दुकानातून कमळाचं बी आणलं. काळ्या कवचाचं, गोटीएवढं. महिनाभर भिजत घातलं, एकालाही मोड नाही. चव बघायला एक चावलं, त्यात दाढ गेली. लालासाब मधूनमधून आपल्या होऊ घातलेल्या मालावर नजर टाकायला यायचा. तो पोट धरून हसला.

"अण्णा, ह्ये लोखंडाचा भाऊ हाय. पानी पाजून काय हुतंय? कानस मारा की!"

आणि गाड्यावरची कानस काढून, कवचाच्या आतलं पांढरं दिसेस्तोवर त्यानंच एकेक बी घासून दिलं. आठवड्यात मोड आले. "माझ्याच हातानं माझं गिऱ्हाईक मारलं," असं पुटपुटत तो गेला, पण पुढच्या खेपेला शेणखताची पाटी घेऊन आला.

पावसाळा, हिवाळा गेला. उन्हाळ्यात परातीएवढी पानं आली. जेठात एक कळी वर निघाली. अण्णा जेवणसुद्धा काहिलीच्या काठावर करायला लागले. बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा, चार दिवसांवर आला, तीन दिवसांवर आला. अण्णा साडेदहाला उठायचे, धावत परसात यायचे. कळी मिटलेली ती मिटलेलीच.

बेंदराच्या आदल्या दिवशी सकाळी सहाला नळाखाली घागर लावून मी सहज भिंतीवरून बघितलं आणि बघतच राहिलो. कमळ उघडलं होतं! गुलाबी, ओंजळीएवढं. शेजारी बसम्माकाकू बशीतून चहा पीत बसलेल्या. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. साडेदहाला अण्णा आले तेव्हा पाकळ्या पुन्हा घट्ट मिटल्या होत्या. अण्णा कळीकडं बघत खाली बसले आणि काकू शांतपणे भांडी घासत होत्या.

माझं डोकंच फिरलं. बाई नवऱ्याची काहील भंगारात घालायला टपली आहे, म्हणून मी घरात आरडाओरडा केला.

"जरा हळू," आमची ही म्हणाली. "अण्णा पहाटे उठायला लागले तर काकूंच्या साखरेच्या चहाचं काय? दिवसात तेवढीच घटका त्यांची असते."

अर्ध्या कप चहासाठी माणूस किती लांब जाऊ शकतं, हे कुठल्याही भूगोलात नसतं.

बेंदराच्या सकाळीही कमळ उघडलं आणि मिटलं. अकराला लालासाब गाडा घेऊन आला. त्याचंही मन नव्हतं, पाय ओढत होता. अण्णांनी कळीकडं एकदा बघितलं. मग स्वतःच कुदळ घेतली आणि काहिलीच्या कडेची माती उकरायला लागले. डोळे गळत होते, ते बाहीनं पुसत होते. पहिल्या तीन घावांपर्यंत काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. चौथ्याला पुढं आल्या आणि त्यांनी कुदळीचा दांडा धरला.

"ऱ्हाऊ द्या ती. मला दिसलंय फूल."

"कवा?"

"काल. आजबी. पाटंचं उघडतंय, तुम्ही उठूस्तोवर मिटतंय. जावा वो लालासाबभाऊ, सांजच्याला पोळी खायाला या."

अण्णा काकूंकडं बघत राहिले. "मग सांगितलं का न्हाईस?"

काकूंनी कुदळ त्यांच्या हातून काढून घेतली. त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सहाला आम्ही दोघं भिंतीपाशी हजर. अण्णा डोळे चोळत, घोंगडी पांघरून काहिलीपाशी बसले होते. कमळ पुरतं उघडलेलं, थोडं फिकं पडलेलं. अण्णांनी त्याचं पान चाखलं नाही की काही नाही. नुसते बघत होते.

काकू बाहेर आल्या. हातात दोन कप, दोन्हीतला चहा दुधाचा, म्हणजे साखरेचा. लपवालपवी संपली होती. त्यांनी एक कप अण्णांपुढं ठेवला आणि तोंड फिरवून बसल्या. अण्णांनी घोट घेतला. जिभेवर धरला. डोळे मिटले. आमच्या हिनं माझा दंड गच्च धरला. नुसत्या खड्यावरून उसाचा मळा सांगणारी ती जीभ होती, तिला काय कळायचं राहणार होतं?

"पाक बरोबर उतरलाय," अण्णा म्हणाले. "कुणाकडचा गूळ?"

काकूंनी तोंड पुन्हा इकडं वळवलं. "मास्तरांकडचा," त्या म्हणाल्या.

अण्णांनी भिंतीकडं, माझ्याकडं बघितलं. मग कमळाकडं बघत दुसरा घोट घेतला.

"असूदे. उद्याबी ह्योच घाल."