मुकादमाची फरशी

आमचे हे फरशीवाले. कुणाच्याही घरी गेले की आधी खाली बघणार, मग माणसांकडे. लग्नाआधी आमच्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा माझ्याकडे बघायच्या आधी माझ्या वडिलांना विचारलं, त्या कोपऱ्यात पाणी साचत असेल ना? वडील खूश, मी जळून खाक. आयुष्यभर गुडघ्यांवर रांगून यांनी लोकांची घरं चकाचक केली. खडबडीत काम म्हणजे यांच्या लेखी नाक कापल्यासारखं.

लेक नोकरीसाठी दूर गेली आणि जाताना आपलं कासव यांच्या गळ्यात घालून गेली. मान लांब करून कामावर देखरेख केल्यासारखं बघत बसतं, म्हणून हे त्याला मुकादम म्हणतात. थंडी पडली आणि मुकादमानं खाणं टाकलं. पाठ कडेला मऊ लागू लागली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, काचेच्या टाकीतच पाण्याच्या वर कोरडी जागा करा, त्यावर कासवांचा खास दिवा लावा, नाहीतर हे हातचं जाईल. लेक लवकरच यायची होती. तिला काय तोंड दाखवायचं, या विचारानं यांना घास गोड लागेना.

मग काय, तहानभूक विसरून टाकीपाशी. तळाला रबर, त्यावर धुतलेल्या विटा, वर काळ्या दगडाची फरशी, पाण्यातून चढायला उतरती लावलेली. आणि सवय जाते कुठे? पॉलिश असं, की मुकादमाला आपलं तोंड दिसावं. बिचारा पुढचे पाय वर टाकायचा आणि सुर्रकन खाली. पुन्हा चढायचा, पुन्हा डुबुक. मला आधी हसू आलं, मग येईना. शेवटी तो तळाशी जाऊन बसला, तो हलेचना.

हे बराच वेळ बघत उभे होते. मग म्हणाले, "आता टाकीच काढतो."

रोज पाणी बदलताना नाक मुरडणारी मीच, पण यांच्यावर ताडताड बोलत सुटले. पोरीनं विश्वासानं ठेवलेलं जनावर, असे कसे हात टेकता, वगैरे वगैरे. हे शांतपणे स्टुलावर चढले आणि माळ्यावरून खाली काढली ती दगडाला खाचा पाडायची लोखंडी टाकी. मी आपलं स्टूल धरलं.

ती टाकी या घरात एकदाच चालली होती. लेक नुकती पाऊल टाकायला लागली होती. यांच्याच गुळगुळीत फरशीवरून स्वयंपाकघराच्या दारात घसरली आणि हनुवटी फुटली. रक्त थांबल्यावर यांनी तिला माझ्याकडे दिलं आणि तिथंच बसून दारातली फरशी ठोकून ठोकून खडबडीत केली. पोरगी त्या फरशीवरच चालायला शिकली. आणि माझी मात्र इतकी वर्षं एकच कटकट, तिथं फडकं अडकतं, मळ बसतो, बदला ती एकदाची.

आता हे तीच उचकटायला बसले. तुलाही नकोच आहे, मुकादमाला आयती होईल, म्हणाले.

"तिला हात लावायचा नाही," मी म्हटलं आणि फरशीवर पाय रोवून उभी राहिले. ती इवलीशी पावलं, दार धरून उभं राहणं, सगळं एकदम आठवलं. डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

मग हे उठले. काचेच्या टाकीतली फरशी बाहेर काढून माझ्या पायाशी बसले आणि जुनीकडे बघत बघत स्वतःच्या हातानं केलेलं पॉलिश फोडू लागले. दुसऱ्या दिवशी मुकादम नखं रोवत वर चढला आणि दिव्याखाली मागचे पाय ताणून जो पसरला, तो दुपारपर्यंत. संध्याकाळी थोडं खाल्लंसुद्धा.

लेकीला फोनवर दाखवलं. तिनं आधी मुकादमाला डोळे भरून पाहिलं, मग त्याच्या खालची फरशी. आपल्या स्वयंपाकघराच्या दारातली का, म्हणून विचारलं.

"नाही गं, ती तुझी," हे म्हणाले. "तुझी आई देईना."

लेक हनुवटीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "आई, मी आले की ती मी पुसणार."