भरतीचं त्यांना सांगू नका

"बाईमाणूस कुठं उघड्यावर झोपत असते का?"

मैत्रिणींनो, हे वाक्य आमच्या ह्यांनी पंधरा वर्षांपूर्वी ऐकवलं होतं. शाळेतल्या आम्ही चौघी शिक्षिका कोकणात किनाऱ्यानं पायी जाणार होतो. तिघी जाऊन आल्या, मी घरी राहिले.

आज दुपारी हे आणि पूर्णा गावाहून आलेले माझे दीर त्याच वाटेचा बेत आखत बसले होते. चार दिवस चालायचं, रात्री किनाऱ्यावरच झोपायचं. मी चहा दिला.

"मुक्काम कुठं टाकायचा, दादा?" दिरांनी विचारलं.

"पाण्याच्या कडंलाच. वली वाळू लय गार, सपाट. सोनपेठला गंगेच्या वाळूत झोपतो की आपण."

"वहिनी, तुमाला काय वाटतं?"

"तिला काय इचारतो? तिनं कुठं समुद्र पाह्यलाय?" हे हसले.

नाहीच पाहिला. पण मी भूगोल शिकवते. ह्यांची गंगा म्हणजे आपली गोदावरी; ती रोज रात्री अंथरुणात शिरत नाही, समुद्र शिरतो. मी ह्यांना आणखी चहा ओतला.

जिवाला धोका नाही, पाणी हळूहळू चढतं. अंथरूण, पीठ, काडेपेटी तेवढी भिजेल. मग रात्रभर कुडकुडत बसा उघड्यावर!

दिरांना थंडी सोसत नाही, म्हणून त्यांच्यापुरती एक घोंगडी मेणकापडात बांधून ठेवली आहे. ह्यांच्यासाठी नाही.

महिला मंडळाच्या या फळ्यापाशी पुरुष येत नाहीत, म्हणून इथं लिहिते. ते गुरुवारी निघतील. तुमच्यातली कुणीतरी दया येऊन सांगणारच, मला ठाऊक आहे. तरी हात जोडते, गुरुवारपर्यंत भरतीचं नाव काढू नका.