हक्काचे दोन दिवस

डॅरल पम्फ्री कुणाला कधी नाही म्हणत नसे. ऑस्ट्रेलियातल्या मुरूपना गावी फळं भरायच्या शेडमध्ये इतकी वर्षं मुकादमकी केली, पण पठ्ठ्याच्या तोंडून वाकडा शब्द निघाला नाही. कुणी 'सर' म्हटलं तर लाजायचा. "ए, मी नुसता डॅरल! आपण सगळे एका घरचे!" असल्या घराला आग लागो, असं त्याच्या हाताखालची ग्लेनिस हॉकडे ही बाई मनात म्हणायची आणि तोंडानं म्हणायची, "मॉर्निंग, डॅरल."

ग्लेनिस त्या शेडमध्ये खोक्यांत नाशपाती भरायची, कॅज्युअल म्हणून. म्हणजे असं, की संध्याकाळी फोनवर मेसेज आला तर उद्या काम आहे, नाही आला तर बसा माशा मारत. आजारपणाची पगारी रजा नाही. का नाही? तर कॅज्युअलला तासाचा दर कायमवाल्यांपेक्षा पाव हिस्सा जास्त, त्यातच तुमचा ताप, खोकला, मोडलेला पाय सगळं आगाऊ चुकतं केलेलं. नव्या बाईला हे समजावताना डॅरल पेढे वाटल्यासारखा खूश असायचा. "आजारी पडायच्या आधीच पैसे मिळतात, राणी! आहे कुठे असं?" आणि त्या पाव हिश्शाचं घरभाडं होऊन तो कधीच गेलेला असतो, हे ह्या शहाण्याला कोण सांगणार?

एक मात्र होतं. घरातलं माणूस आजारी असेल तर त्याच्यापाशी राहायला कॅज्युअललाही दर खेपेला दोन दिवस मिळत. बिनपगारी, पण हक्काचे, कायद्याचे. आणि ग्लेनिसच्या घरात रसेल होता.

रसेल तिचा धाकटा भाऊ. पन्नाशीला टेकलेला, पण समज सहा वर्षांच्या पोराची. आई गेल्यावर तो ग्लेनिसच्या पदरी आला. दिवसा अशा माणसांना सांभाळणाऱ्या केंद्रात जायचा, संध्याकाळी फाटकाशी तिची वाट बघत उभा राहायचा. त्याचे दात किडून पार कामातून गेले होते. रात्र रात्र विव्हळायचा, पण डॉक्टरला तोंडात बोट घालू देईल तर शपथ. एकाला तर कडकडून चावला होता. शेवटी मेलबर्नच्या मोठ्या इस्पितळात, पूर्ण भूल देऊन, सगळे दात एकदम काढायचं ठरलं. नंबर लागायला दीड वर्ष गेलं आणि तारीख आली ती ऐन फेब्रुवारीत, नाशपातीचे ट्रक दारात रांग लावून उभे असताना. भूल चढताना आणि उतरताना बहीण समोर नसेल तर रसेल नळ्या उपटणार, हे डॉक्टरांनाही माहीत होतं. तारीख हुकली तर पुन्हा रांगेच्या शेपटाला.

"भावाचं नाव काढू नकोस," पट्ट्यावर शेजारी उभी राहणारी द्रिता म्हणाली. अल्बेनियन बाई, जिभेला हाड नाही. "पोट बिघडलंय म्हणून सांग."

"खोटं कशाला? दोन दिवसांचा हक्क आहे माझा."

"हक्क! अगं बये, पोट बिघडतं ते एकदाच. भाऊ जन्माचा असतो. हे त्या साखरतोंड्याला बरोब्बर कळतं."

ग्लेनिसनं खरं तेच सांगितलं. डॅरलनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं मेल्यानं. "अगं राणी, घरचं आधी! लागतील तेवढे दिवस घे. रसेलला माझा पापा दे."

ती गेली. भूल चढेपर्यंत रसेलनं तिचा हात सोडला नाही, आणि जागा झाल्यावर पहिलं तिलाच विचारलं, "ग्लेनी, गेले?"

"गेले रे बाबा."

त्यानं जीभ फिरवून बघितलं. "दुखत नाही," म्हणाला, आणि हसला. दोन दिवसांत ती त्याला घेऊन परत आली. तासभरही जास्त घेतला नाही.

त्या संध्याकाळी मेसेज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बटाटे सोलताना फोन शेजारी ठेवायचा, अंगणात जाताना खिशात घालायचा, असा आठवडा गेला. मग ती स्वतःच शेडवर जाऊन उभी राहिली. तिच्या जागी एक जर्मन पोरगी होती, पाठीवर पिशवी टाकून देश बघायला आलेली.

"फळच कमी आहे गं यंदा," डॅरल हळहळला. त्याच्या पाठीमागे तीन ट्रक उतरत होते. "दात कसे आहेत रसेलचे?"

"मला काढलंयस का?"

"काढलं? तुला? काहीतरीच! यादीत आहेस की. घरचीच ना तू?"

गोड बोलून गळा कापणारे पुष्कळ असतात, पण वर गळ्याची चौकशी करणारा हा एकच. ग्लेनिसनं सरकारी मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी फार सौजन्यानं बोलत होती. रजा घेतली म्हणून काम बंद केलं असेल तर ते बेकायदेशीर आहे, म्हणाली. तक्रार करता येईल. "रजा मागितली तेव्हा ते काय म्हणाले?"

"भावाला माझा पापा दे, म्हणाला."

मुलीनं तेही टिपून घेतलं. मग तक्रार कशी करायची ते सांगू लागली. ग्लेनिसनं आभार मानून फोन ठेवला. तक्रार करायची आणि मग काम कुठे मागायचं, आसपासच्या दहाही शेडांचे मुकादम एकाच क्लबात बिअर पितात तिथे?

भाडं थकलं, घरमालकाला दोनदा तोंड चुकवून झालं. एप्रिल उजाडला. एका संध्याकाळी फोन वाजला आणि तिनं ओल्या हातांनीच झडप घातली. डॅरलचाच मेसेज होता. 'शनिवारी मोसम संपल्याचं बार्बेक्यू! सगळ्यांनी यायचं. येताना सॅलड आण.'

सॅलड! डोंबल! तिनं फोन आपटायचा तेवढा बाकी ठेवला. आणि तरी शनिवारी बिटाचं सॅलड करून, रसेलला इस्त्रीचा शर्ट घालून ती गेली. काय बोलायचं ते वाटेत घोकून ठेवलं होतं, आणि ते चारचौघांतच बोलायचं होतं.

डॅरल ॲप्रन लावून सॉसेज परतत होता. "आला माझा दोस्त!" म्हणून त्यानं पावात सॉसेज घालून रसेलच्या हातात दिलं. रसेल नुसता सॉस चोखत राहिला.

"खात का नाही? आवडलं नाही?"

"चावता येत नाही त्याला," ग्लेनिस म्हणाली. आजूबाजूच्या बायकांनी माना वळवल्या. द्रितानं हातातली ताटली खाली ठेवली. "तोंडात एक दात उरलेला नाही, डॅरल. त्यासाठीच तर दोन दिवस मागितले होते."

"एकही नाही?"

"सगळे काढले."

"म्हणजे आता पुन्हा इस्पितळ नाही?"

"काढायला आहे काय आता?"

डॅरलचा चेहरा उजळला. नाटकी नव्हे, अगदी आतून. त्याला खरोखर आनंद झाला होता. इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा खोटं वागत नव्हता.

"मग झालंच की, राणी!" चिमट्यानं सॉसेज उलटत तो म्हणाला. "कोल्ड स्टोरेजमधला माल भरायचाय. सोमवारपासून ये."

घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. द्रिता डोळे रोखून बघत होती, जणू म्हणत होती, हाण! रसेल बोटं चाटत होता. सोमवारीच घरमालक येणार होता.

"किती वाजता?" ग्लेनिसनं विचारलं.

"सहाला."

"थँक्स, डॅरल," ती म्हणाली, आणि आयुष्यात कधी कुणाची आली नसेल इतकी स्वतःची शिसारी तिला आली.