पदरातला वाल

२०१९ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. भात कापून झालं, म्हणून वालाचं बी आणायला कल्याणच्या बाजारात गेलेलो. दुकानदार म्हणाला, "गावठी बी विसरा, बाबा. बियाण्याच्या एका कंपनीनं बाकीच्या गिळल्या. आता दर वर्षी तिचंच पाकीट घ्यायचं."

पाकीट घेऊन बाहेर आलो. पायरीवर भाजी विकणारी म्हातारी हसली. "बी इकत घेतोस? मंग तू शेतकरी नाय, गिऱ्हाईक."

राग आला. पण घरचं बी राखायच्या आळसानं मीच खाऊन संपवलेलं.

तिनं पदराची गाठ सोडली आणि राखेत घोळलेला मूठभर वाल पुढं केला.

"फुकट घेत नाय मी," म्हटलं.

"फुकट कुठं? पुढल्या साली मूठभर दुसऱ्याला दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचाच वाल पेरला. बांधाकडची ओळ बियाला राखली आणि सुनेला बजावलं, हिची एकही शेंग तोडायची नाही.