तेरणा कॉलनीची घागरवाली

लग्न होऊन मी लातूरला आले, त्या दिवशी आमची जीप कॉलनीच्या चौकात थांबवून संघपालनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मला सासूची ओळख करून दिली. "ही आमची आई." बघते तर चौथऱ्यावर सिमेंटची उंच बाई, पदर खोचलेला, कमरेवर घागर, आणि नाक थेट संघपालसारखं. मी गोंधळून हात जोडले. जीपमधले सगळे खो खो हसले. खरी सासू मागच्या सीटवर बसली होती, ती तर सगळ्यात जास्त हसली.

माझ्या सासूबाईंचं नाव नागुबाई. मी त्यांना आत्या म्हणते. निलंग्याकडच्या खेड्यातून त्या नवऱ्याबरोबर लातूरला कामाला आल्या. मामा, म्हणजे माझे सासरे पंढरी, गवंडी होते आणि आत्या त्यांच्या हाताखाली माल कालवायच्या. तेरणा कॉलनीतली निम्मी घरं या दोघांच्या हातची. सगळ्यांची बांधून झाल्यावर शेवटी कोपऱ्यातल्या तुकड्यावर त्यांनी स्वतःचंही एक बांधलं.

त्या काळी कॉलनीच्या समितीला एक हौस सुचली होती. प्रत्येक वळणावर एक शिल्प बसवायचं, म्हणजे लोक लांबून कॉलनी बघायला येतील. एका कलाशिक्षकाला धरून आणलं आणि त्यानं बिचाऱ्यानं जीव ओतून पाच शिल्पं केली. बैलजोडी, कुस्ती खेळणारे पैलवान, पुस्तक वाचणारी मुलगी, बगळा आणि चौकात घागरवाली. घागरवालीसाठी समोर उभं राहायला कोणी बाई तयार होईना. आत्या शेजारच्याच घराच्या कामावर होत्या. त्या हातपाय धुऊन, पदर खोचून उभ्या राहिल्या. "डोक्यावर पाटी न्हाई, पायाखाली गारा न्हाई, नुस्तं उभं राहायचं. आसलं काम कोण सोडतंय?" असं त्या अजूनही सांगतात.

मामांना तर फारच भारी वाटलं होतं. कामावर जाताना ते चौथऱ्यापाशी थांबून "येतो गं" म्हणायचे आणि मगच सायकलवर टांग टाकायचे. मला दोन बायका आहेत, असं ते सगळीकडे सांगत फिरायचे. त्यातली दुसरी जास्त चांगली, कारण ती उलटून बोलत नाही.

आता खरी गंमत. हे शिल्प म्हणजे कारंजं होतं. घागरीतून पाणी खालच्या हौदात पडायचं, हौदातलं परत वर चढायचं. आता लातुरात कारंजं! ज्या गावाला प्यायचं पाणी एकदा रेल्वेनं आणावं लागलं, त्या गावात! उद्घाटनाला टँकर मागवला होता म्हणे. पाहुण्यांचा चहा होईपर्यंत घागर वाहिली. टँकर गेला आणि घागर कोरडी पडली ती पडलीच.

रिकामी घागर समोर आली की काम होत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. इथे तर ती चौकातच उभी. हळूहळू कॉलनीतली शहाणी माणसं परीक्षेला, मुलाखतीला, मुलगी बघायला जाताना मागच्या बोळातून जायला लागली. त्या बोळात इतका चिखल की माणूस घोट्यापर्यंत माखायचा, पण शकुन स्वच्छ. यात सगळ्यात पुढे अवधूत सर. सर गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या मुलाची, आलोकची, नोकरी तीनदा हुकली आणि तिन्ही वेळा तो चौकातून गेला होता, हे त्यांचं गणित. आलोक अभ्यास किती करायचा, हे त्या गणितात धरलेलं नव्हतं.

सर तसे गोड बोलणारे. "अगं नागुबाई, पाणी कधी सोडतेस?" अशी चेष्टा करायचे. काही काम निघालं की आमच्या दारापर्यंत यायचे. पण मी चहा विचारला की त्यांना उपवास असायचा. सरबत विचारलं तरी उपवास. एकदा मी मुद्दाम नुसतं पाणी पुढे केलं, तर म्हणाले, आज निर्जळी आहे. आठवड्यात सात उपवास करणारा माणूस स्वतःच्या अंगणात भजी खाताना दिसला की काय समजायचं ते आम्ही समजत होतो. आत्या म्हणायच्या, जाऊ दे पोरी, आपलं पाणी वाचलं.

दरम्यान शिल्पं एकेक करून जात होती. पैलवान ड्रेनेजच्या खड्ड्यात गेले. बगळ्याच्या मानेला केबलवाल्यानं वायर बांधली आणि एका ट्रकनं वायरीसकट मान नेली. बैलजोडीतला एक बैल रस्ता रुंद करताना गेला, दुसरा बरीच वर्षं एकटाच औत ओढत होता, मग तोही दिसेनासा झाला. पुस्तकवाल्या मुलीच्या जागी दुकानांचं कॉम्प्लेक्स आलं. कोणाला काही वाटलं नाही. मला मेलीला तरी कुठे वाटलं? पुस्तकवाली गेली हे मला महिन्यानं कळलं.

मग मामा गेले. त्यानंतर दोन वर्षांनी चौकातला रस्ता सिमेंटचा करायचं निघालं आणि ठेकेदाराच्या माणसांनी जेसीबी लावून घागरवाली उचलली. कुठे नेली कोणी विचारलं नाही. आत्यांनी विचारायचं ठरवलं आणि समितीच्या बैठकीत जाऊन बसल्या. मी सोबत होते. अवधूत सर म्हणाले, "गेली ते बरंच झालं. सकाळी दार उघडलं की समोर रिकामी घागर, आणि त्यात पुन्हा..." पुढचा शब्द त्यांनी गिळला. पण मामा जाऊन दोनच वर्षं झालेली. गिळलेला शब्द सगळ्यांना ऐकू आला.

त्या रात्री मला इतका राग आला होता की भाकरी थापता थापता मोडली. आत्या माझ्यापाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "घागरीत पाणी ह्येंनी सोडलं न्हाई. न् अपशकुनी मी?"

"आत्या, आपण कुठे मानतो ते?"

"न्हाई मानत. छप्पन सालीच सोडलं आमच्या सासऱ्यानं. पर चौकात माझं थोबाड हुतं, पोरी. ती मला हुडकून पायजे. आपल्या दारात हुबी करते, नळी लावते, न् सराच्या डोळ्यासमोर घागर भरून वाहती करते. मग बघू."

हुडकायचं कुठे? आम्ही भंगारवाल्यांकडे, नर्सरीत, मंगल कार्यालयांत विचारून पाहिलं. लोक फोटो मागायचे. फोटो नव्हता. मग मी आत्यांनाच पुढे करायचे आणि म्हणायचे, हे असं नाक, वय तिशीचं धरा.

संघपाल एसटीत कंडक्टर आहेत. एका संध्याकाळी ड्युटीवरून आले, पायातले बूट न काढताच म्हणाले, "आई, आज मी तुला बगितलं. औराद रोडला. ढाब्यावर हुबी होतीस."

रविवारी छोटा हत्ती टेम्पो ठरवला. मी, आत्या, संघपाल, दोरखंड, आणि शिल्पाला ओरखडे पडू नयेत म्हणून घरातल्या चार वाकळा. आत्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. कॉलनीत टँकर आला नव्हता म्हणून मी पाण्याचे दोन रिकामे कॅनही टाकले, वाटेत कुठे मिळालं तर भरून घेऊ म्हणून.

ढाब्यावर उतरलो आणि आत्या जागीच थबकल्या. घागरवाली होती, पण कोणीतरी तिला पोपटी लुगडं आणि लालभडक ओठ रंगवले होते. "मी कवा लावलते असले व्हट!" आत्या म्हणाल्या. मला हसू आवरेना. आणि मग आवाज ऐकू आला. घागरीतून पाणी पडत होतं. हाताएवढी जाड धार. खाली हौद बांधला होता, त्यापाशी गावातल्या बायका कळशा घेऊन उभ्या होत्या, जीपवाले बाटल्या भरत होते.

एका जीपवाल्यानं बाटली भरली, घागरीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि निघाला. आत्यांनी त्याला अडवलं. "कामून रे हात लावला?"

"भरली घागर हाय मावशी. गाडी काढायच्या आदी लावावा. दिवस चांगला जातो."

आत्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की बाजेवर बसल्या, आणि बसल्या त्या रडायलाच लागल्या. मीही रडले, उगीच कशाला लपवू? ढाबेवाला मल्लिकार्जुन, सीमेकडचा माणूस, घाबरून धावत आला. "अक्का, काय झालं? भाजी तिखट हाय का?" अजून आम्ही भाजी मागवलीही नव्हती.

संघपालनी त्याला सगळं सांगितलं. तो एकदा आत्यांकडे, एकदा घागरवालीकडे बघत राहिला. "नाक त्येच की!" असं ओरडून त्यानं भट्टीवरच्या पोरांना, बायकोला, सगळ्यांना बोलावलं. मग सांगितलं की ढाब्यासमोरचा खड्डा बुजवायला त्यानं शहरातून रस्त्याचा मलबा मागवला होता आणि त्या मलब्यात ही बाई अख्खी निघाली. "हुबी बाई कशी पुरायची अक्का? माझ्या बोअरला नीर चांगलं हाय, लावलं तिच्या घागरीला. आता तुमची हाय तर तुमी न्या. माझं काय, मी सादी तोटी लावीन."

तो खरंच पान्हा आणायला गेला. संघपालनी दोरखंड सोडला. आत्या उठून घागरवालीपाशी गेल्या. पदर पाण्यात बुडवून तिचे ओठ पुसायचा प्रयत्न केला, रंग ऑइलपेंटचा होता, जाईना. मग तिच्या गालावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. माझी सासू तिशीतली मी कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी दोघी शेजारी शेजारी दिसल्या आणि वाटलं, किती देखणी होती ही बाई!

"संघपाल, दोरी गुंडाळ. हिला न्यायचं न्हाई."

मी भडकले. चार महिने हुडकलं, रविवार घालवला, टेम्पो केला. "आणि सर म्हणाले त्याचं काय? त्यांना दाखवायचं होतं ना?"

"तिकडं नेली तर पुन्ना कोरडी पडंल. आपल्या नळाला कवा पाणी आसतं? शकुन न्हाई न् अपशकुन न्हाई, पोरी. पाणी हाय का न्हाई, येवढंच आसतं. कॅन आण."

दोन्ही कॅन घागरीखाली धरून त्यांनी स्वतः भरले. येताना कॅन वाकळांत गुंडाळून बाळासारखे मध्ये ठेवले होते. निघताना आत्या घागरवालीकडे वळून म्हणाल्या, "येते गं." अगदी मामांच्या चालीवर.

कॉलनीत शिरलो तर टँकर अजून आलेलाच नव्हता. आणि चौकात, जिथे घागरवाली उभी असायची तिथेच, सरांच्या बायको गोदावरीकाकू रिकामी कळशी कमरेवर घेऊन टँकरची वाट बघत उभ्या. मी आत्यांना कोपरानं ढोसलं, पण त्या हसल्या नाहीत. छोटा हत्ती थांबवून कॅन उतरवला आणि काकूंची कळशी भरायला लागल्या.

पाण्याच्या आवाजानं सर ग्लास घेऊनच बाहेर आले. दुपारपासून घरात थेंब नव्हता म्हणे. आत्यांनी ओतलं, सरांनी एका दमात संपवलं. "गोड आहे गं. कुठलं?"

"औराद रोडचं," आत्या म्हणाल्या. "आपल्या चौकातली घागरवाली तिथं हाय. तिच्याच घागरीचं. अपशकुनी."

काकूंनी कळशीकडे पाहिलं, मी जमिनीकडे. सरांनी रिकाम्या ग्लासात डोकावून पाहिलं. आता उपवास आठवणार, असं मी मनात म्हटलं.

त्यांनी ग्लास पुढे केला. "अजून थोडं घाला, नागुबाई."

आत्यांनी काठोकाठ घातलं. घरी आल्यावर मी कॅलेंडर पाहिलं, तर त्या दिवशी खरीच निर्जला एकादशी होती.